काच बघ, नाव नंतर

अगं, जुनी लेन्स घेताना आधी एक गोष्ट पक्की डोक्यात ठेव. कारखान्यातून निघाल्या तेव्हा एका मॉडेलच्या सगळ्या लेन्सेस जवळपास सारख्याच होत्या. आज तशा नाहीत. एक नागपूरच्या कोरड्या हवेत कपाटात पडून राहिली, दुसरीने गिरगावात ओल आलेल्या भिंतीला टेकून कितीतरी पावसाळे काढले. दोघींच्या कपाळावर नाव तेच, नंबर त्याच मालिकेतला, पण आतला माल वेगळा. म्हणून कुणी 'पेंटॅक्सची ताकुमारच घे', 'मिनोल्टाच्या रोक्कोरला तोड नाही' असं सांगितलं की ऐकून घे. पैसे काढताना मात्र नाव विसरायचं आणि हातातली काच बघायची.

बघायची कशी, तर टॉर्चने. मोबाइलचा टॉर्च चालतो. दोन्ही झाकणं काढ, अपर्चर पूर्ण उघड, टॉर्च मागून धर आणि पुढून तिरकं बघ. सरळ बघितलंस तर डोळे दिपतील, दिसणार काहीच नाही. लेन्स हळूहळू कलती करत जा. काचेच्या कडेपासून आत कोळ्याच्या जाळ्यासारखे किंवा बारीक पिसासारखे फाटे फुटलेले दिसले तर ती बुरशी. दुकानदार म्हणेल, 'साधी धूळ आहे मॅडम.' धूळ ठिपक्यांची असते, तिला फांद्या फुटत नाहीत. धुळीचे चार कण असले तर खुशाल घे, फोटोत ते दिसत नाहीत. दुधट पातळ पडदा दिसला तर तो आतल्या ग्रीसची वाफ काचेवर बसून आलेला असतो. तो बुरशीपेक्षा फसवा, कारण नुसत्या डोळ्यांना काच स्वच्छ वाटते आणि फोटो मात्र फिकट येतात. काचेच्या कडेला इंद्रधनुषी किंवा चंदेरी डाग असेल तर दोन काचा जोडणारा डिंक सुटत चाललाय असं समज आणि लेन्स परत ठेव. पुढच्या काचेवर एखादा बारीक ओरखडा असला तर घाबरायचं कारण नाही, उलट भाव करायला तो उपयोगी पडतो. मागच्या काचेवरचा ओरखडा मात्र चालवून घ्यायचा नाही. ती सेन्सरच्या जवळ असते, तिचा दोष चित्रात उतरतो.

मग हाताने बघ. फोकस रिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरव. जड असेल तर चालेल, पण सगळीकडे सारखीच जड हवी. मध्येच अडकते किंवा मध्येच सैल पडते, म्हणजे आत काहीतरी बिघडलंय. अपर्चरच्या पात्यांवर तेलाची चमक आहे का ते बघ. फिल्म कॅमेऱ्यावर तेलकट पाती म्हणजे आफत, कारण शटर दाबताच ती झटक्यात मिटायला हवीत. तुझ्या मिररलेस कॅमेऱ्यावर अपर्चर आपण हाताने आधीच मिटवून ठेवतो, त्यामुळे थोडं तेल खपून जातं. ते तेल पुढे काचेवर चढतं, म्हणून किंमत पाडून माग. शेवटी स्क्रूंची डोकी बघ. घासलेली, चिरलेली असली तर लेन्स आधी कुणीतरी खोललेली आहे. खोलणं वाईट नाही, पण आधी खोलली नव्हती असं विकणारा म्हणत असेल तर बाकीचं बोलणंही तितकंच खरं धर.

काही लेन्सेसवर सोनेरी रंगाचं लंबगोल स्टिकर असतं, 'पास्ड' लिहिलेलं. जपानच्या कॅमेरा तपासणी संस्थेचं ते. निर्यातीचा माल तपासून ते लावायचे. दिसायला छान, पण ती तपासणी तेव्हाची. आज त्यावरून इतकंच कळतं की आधीच्या मालकाने लेन्स फार घासूनपुसून वापरली नाही.

मुंबईत बघायचं तर फोर्टातला बोरा बाजार. चोर बाजारातही मिळतात, पण तिथे टॉर्चशिवाय जाऊ नकोस. जपानहून ऑनलाइन मागवायची असेल तर वर्णनाची शेवटची ओळ वाच. वरती 'जवळजवळ नवी' लिहिलेलं असतं आणि खाली बारीक अक्षरात बुरशीची कबुली. कस्टम्सचा खर्च धरूनच हिशोब कर.

आता जोडायचं कसं. इथे थोडं गणित आहे, पण एकदा कळलं की दुकानदार काहीही विकू शकणार नाही. प्रत्येक कॅमेऱ्यात माउंटपासून सेन्सरपर्यंतचं अंतर ठरलेलं असतं. निकॉनच्या जुन्या एफ माउंटचं ४६.५ मिलिमीटर, ऑलिम्पस ओएमचं ४६, पेंटॅक्सच्या स्क्रूवाल्या एम४२ चं आणि के माउंटचं ४५.४६, मिनोल्टाचं ४३.५, कॅनन एफडीचं ४२. मिररलेसमध्ये मधला आरसाच गेला, त्यामुळे तुझ्या सोनीचं हे अंतर फक्त १८. म्हणजे निकॉनची निकॉर लेन्स लावायची तर मध्ये २८.५ मिलिमीटर जागा भरून काढायची, बस्स. अडॅप्टर म्हणजे ही भरलेली जागा, पोकळ नळी. त्यात काच नसते, आणि नसलीच पाहिजे. काच असलेला अडॅप्टर कुणी गळ्यात मारायला लागला तर नको म्हण.

डीएसएलआरवाल्यांना हे सुख नाही. तुझ्या मित्राकडे निकॉनचा डीएसएलआर आहे ना, त्यावर एम४२ ची ताकुमार बसवली तर लेन्स आधीच एक मिलिमीटरभर लांब जाते. ५० मिलिमीटरच्या लेन्सला तेवढ्याने काय होतं? अडीच मीटरच्या पलीकडचं काही फोकसच होत नाही. समोर बसलेल्या माणसाचा चेहरा निघेल, देवळाचा कळस नाही. कॅननच्या डीएसएलआरला ४४ मिलिमीटर लागतात, म्हणून तिथे ताकुमार आणि निकॉर चालतात, पण त्याच कंपनीची जुनी एफडी चालत नाही. आपल्याच घरची लेन्स आपल्याच घरी परकी!

एकाची लेन्स दुसऱ्याच्या बॉडीला लावायचा हा उद्योग नवा नाही. १९५० साली 'लाइफ' मासिकाचा डेव्हिड डग्लस डंकन टोकियोत होता. जून मिकी नावाच्या जपानी छायाचित्रकाराने त्याला ८५ मिलिमीटरची निकॉर दाखवली. डंकन चकित झाला आणि निकॉर लेन्सेस आपल्या लायकावर चढवून कोरियाच्या युद्धावर गेला. जपानी काचेकडे जगाने वळून बघितलं ते तेव्हापासून. निकॉनचा स्वतःचा एफ कॅमेरा त्यानंतर, १९५९ मध्ये आला.

अडॅप्टर घेताना फार महाग नको आणि अगदी स्वस्तही नको. लावून लेन्स धरून हलव. खडखड करत असेल तर परत कर. नवा अडॅप्टर थेट कॅमेऱ्यावर चढवू नकोस. स्वस्त अडॅप्टरच्या आट्यांमध्ये धातूचा कीस राहिलेला असतो, तो थेट सेन्सरवर जातो. आधी ब्लोअर मार, मऊ कापडाने पूस, पुन्हा ब्लोअर मार. आत बघ, नळी चकचकीत काळी असेल तर प्रकाश तिथून उडून फोटो धुरकट होतो. मॅट काळा कागद किंवा काळं मखमली कापड आतून चिकटव, मागच्या काचेला लागणार नाही एवढं बघून.

कॅनन एफडी घेतलीस तर तिच्या अडॅप्टरवर उघड-बंद करायची एक रिंग असते. ती बंद बाजूला फिरवल्याशिवाय अपर्चर मिटतच नाही, आणि मग लेन्स बिघडली म्हणून रडत येशील. लेन्सची स्वतःची रिंग हिरव्या खुणेवर किंवा 'ए' वर ठेवायची नाही. ताकुमारवर बाजूला एक छोटी कळ असते, ऑटो आणि मॅन्युअलची. ती मॅन्युअलवर. जुन्या निकॉर, अपर्चर रिंगवर सशाच्या कानासारखी पट्टी असलेल्या, १९७७ च्या आधीच्या, निकॉनच्या बऱ्याच नंतरच्या बॉडींवर तशाच बसवल्या तर बॉडीच्या माउंटवरची कळ मोडू शकते. साध्या अडॅप्टरने तुझ्या मिररलेसवर ती भीती नाही.

कोणती घ्यायची? सुरुवातीला एकच, ५० मिलिमीटर. एफ १.८, १.७ किंवा २, जी स्वच्छ मिळेल ती. कुठल्याही जपानी कंपनीची ५० वाईट नाही, कारण प्रत्येक कॅमेऱ्याबरोबर हीच विकली जायची आणि त्यातच कंपनीची अब्रू असायची. आमच्या स्टुडिओत पेंटॅक्स के१००० वर ५० एफ २ होती. तिला कुणी नावाजत नाही, म्हणून आजही स्वस्त मिळते. तिच्यावर आम्ही अख्खी लग्नं काढली. एफ १.२ च्या मागे लागू नकोस. ते पैसे त्या एका स्टॉपचे नसतात, हौशी संग्राहकांच्या स्पर्धेचे असतात.

तुझा सेन्सर फिल्मपेक्षा लहान, फिल्म त्याच्या दीडपट. म्हणजे ५० ही तुझ्याकडे ७५ सारखी वागेल, चेहऱ्यांसाठी झकास. २८ घेतलीस तर ती ४२ सारखी, रोजच्या वापराची. त्यापेक्षा रुंद मात्र जुन्यात शोधू नकोस. २४, २० च्या जुन्या लेन्सेस कोपऱ्यात गळपटतात, आणि लहान सेन्सरमुळे त्यांची रुंदीही तुला मिळत नाही. तिथे नवी लेन्सच बरी. उलट लांबच्या लेन्सेसमध्ये जुना माल सोनं आहे. १३५ एफ ३.५ कुणालाच नको असते, म्हणून मातीमोल भावात मिळते. आणि कधी हात सैल सोडायचा असेल तर निकॉर १०५ एफ २.५. स्टीव्ह मॅककरीने १९८४ मध्ये पेशावरजवळच्या निर्वासित छावणीत हिरव्या डोळ्यांच्या त्या अफगाण मुलीचा फोटो काढला तो हिच्यावरच. फुलं, दागिने असलं जवळचं काढायचं तर ५५ ची मायक्रो-निकॉर. एफ ३.५ वालीही पुरते.

आता कॅमेऱ्याच्या मेनूत जा. 'लेन्सशिवाय शटर' चालू कर, नाहीतर कॅमेऱ्याला लेन्स लागलीच नाही असं वाटतं आणि तो बटण दाबू देत नाही. मोड 'ए' ठेव. अपर्चर तू लेन्सवर ठरवशील, शटर तो ठरवेल. ऑटो आयएसओ ठेवणार असशील तर किमान शटर स्वतः भर. समोर ५० आहे की १३५ हे कॅमेऱ्याला कळत नाही, तो आपला सेकंदाच्या साठाव्या भागावर निवांत बसतो आणि फोटो हलतात. तुझ्या बॉडीत स्टॅबिलायझर नाही, तेव्हा ५० ला १/१२५, १३५ ला १/२५० च्या खाली उतरू नकोस. पुढे स्टॅबिलायझरवाली बॉडी घेतलीस तर लेन्स बदलली की फोकल लेंथचा आकडाही मेनूत बदलायचा. चुकीचा आकडा राहिला तर स्टॅबिलायझरच फोटो हलवतो. कुठल्या फोटोला कुठली लेन्स हे फाइलमध्ये नोंदलं जात नाही, म्हणून लेन्स बदलली की आधी तिच्यावरच्या नावाचाच एक फोटो मोबाइलने काढ.

फोकसला वेळ लागतो, आणि लागू दे. व्ह्यूफाइंडरमध्ये कडांना लाल-पिवळा रंग लावणारं पीकिंग सगळ्यांना आवडतं. मला त्याचा भरवसा नाही. ते कडा शोधतं, फोकस शोधत नाही. एफ १.४ ला तर नाकापासून कानापर्यंत सगळं लाल करून टाकतं. आणि एक मीटरवर ५० एफ १.४ ने तुझ्या सेन्सरवर धारदार काय मिळतं? जेमतेम दोन-सव्वादोन सेंटिमीटर. पापणी धारदार आली तर नाकाचं टोक गेलंच. म्हणून चित्र मोठं करून बघायची सोय एखाद्या बटणावर लाव, जवळच्या डोळ्याच्या पापणीवर ने, फोकस कर. मग श्वास सोडून तीन-चार फोटो सलग घे. आपण उभ्याउभ्या डुलत असतो, तेवढ्यात फोकस सरकतो. त्यातला एक लागतो. रिंग सारखी मागेपुढे करत बसण्यापेक्षा फोकस बसला की अंगानेच इंचभर पुढेमागे होणं जास्त सोपं.

जास्त उघडणाऱ्या लेन्समध्ये अपर्चर मिटवलं की फोकसची जागा थोडी सरकते. म्हणून एफ २, २.८, ४ ला फोटो काढायचा असेल तर त्याच आकड्यावर फोकस कर. एफ ८ च्या पुढे मात्र पूर्ण उघडून फोकस कर आणि मग मिटव. तेव्हा फोकसची खोली इतकी असते की सरकलेलं लपून जातं. निकॉर आणि कॅनन दोन्ही ठेवल्यास तर लक्षात ठेव, दोघींच्या रिंगा उलट्या दिशेने फिरतात. हात एकीलाच सरावतो, म्हणून एकाच घराण्याच्या लेन्सेस ठेवलेल्या बऱ्या.

वारीत, जत्रेत, बाजारात असं थांबून फोकस करायला वेळ नसतो. तिथे २८ लाव, एफ ८ कर, अंतराच्या पट्टीवर पाच मीटर ठेव आणि रिंगला हात लावू नकोस. साधारण अडीच मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं चालण्याजोगं येतं. लेन्सवर खोलीच्या ज्या रेषा कोरलेल्या असतात त्या फिल्मसाठी होत्या. तुझ्या लहान सेन्सरसाठी एक स्टॉप अलीकडच्या वाच, एफ ८ लावलं तर ५.६ च्या रेषा. एक खोच आहे. बहुतेक अडॅप्टर मुद्दाम केसभर आखूड बनवतात, म्हणजे अनंतावर फोकस नक्की पोचावा. त्यामुळे रिंग शेवटपर्यंत नेलीस तर फोकस अनंताच्याही पुढे जातो आणि डोंगर पुसट येतात. पट्टीचे आकडे पण सरकतात. घरी टेप लावून पाच मीटरवर खुर्ची ठेव, फोकस कर आणि लेन्सवर खरं पाच कुठे येतं तिथे पांढरा ठिपका दे.

उघड्या अपर्चरला या लेन्सेस मऊ दिसतात, उजेडाच्या कडेला एक झाक येते. काहींना त्याचंच वेड. म्हाताऱ्या माणसाच्या चेहऱ्याला ती झाक शोभते, कागदपत्रांच्या फोटोला नाही. एफ २.८ ला मध्यभाग सुधारतो, ५.६ ते ८ ला कोपरेही. एफ १६ ला जाण्यात अर्थ नाही, प्रकाशच पसरायला लागतो. उन्हात आभाळासमोरच्या पानांच्या कडा जांभळ्या येतात, दोन स्टॉप मिटवलं की बहुतेक जातात.

हूड घे. यावर वाद घालू नकोस. जुनं कोटिंग आजच्यासारखं नाही, कडेचा सूर्य आत घुसला की काळा रंग राखाडी होतो. बऱ्याच निकॉरना ५२ मिलिमीटरचा हूड लागतो, ताकुमार आणि ऑलिम्पसला ४९ चा. स्वस्त रबरी चालतो. रात्री दिव्यांचे फोटो काढताना पुढचा यूव्ही फिल्टर मात्र काढून ठेव, नाहीतर प्रत्येक दिव्याचं भूत चित्रात दुसऱ्या बाजूला लटकतं. सेन्सर फिल्मपेक्षा चकचकीत, त्याच्यावरून प्रकाश उलटा जातो आणि फिल्टरवर आपटून परत येतो.

ताकुमारच्या ५० एफ १.४ मधली सात काचांची जात घेतलीस तर काच चहासारखी पिवळी दिसेल. मागच्या भागातल्या काचेत थोरियम असतं, वर्षानुवर्षांच्या किरणोत्साराने ती पिवळी पडते. वापरायला धोका नाही, फक्त उशाशी घेऊन झोपू नकोस आणि डोळ्याला लावून दुर्बीण करू नकोस. उपाय सोपा, अतिनील प्रकाश. अतिनील एलईडी दिव्याखाली मागची काच वर करून ठेव, पुढच्या झाकणात चांदीचा कागद घाल म्हणजे प्रकाश परत फिरतो. काही दिवसांत रंग उतरत जातो. दिवा चालू असताना त्याच्याकडे बघत बसायचं नाही. ऊनही चालतं, पण झाकणाशिवाय उन्हात लेन्स सोडून आत गेलीस तर ती भिंगाचं काम करते आणि खिडकीचा पडदा पेटतो. शिवाय उन्हाने ग्रीस पातळ होऊन पात्यांवर उतरतं. म्हणून दिवाच बरा.

जून ते सप्टेंबर मात्र या सगळ्या लेन्सेसचा वैरी. चामड्याची सुंदर केस मिळाली तर ती शोभेला ठेव, लेन्स तिच्यात ठेवू नकोस. चामडं ओल धरून बसतं आणि बुरशीचं पहिलं घर तेच. कपड्यांच्या कपाटातही नको. घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ. काटा चाळीस ते पन्नास टक्क्यांत हवा. फार कोरडंही नको, ग्रीस आणि डिंक सुकतो. जेलचा रंग बदलला की गरम करून पुन्हा वापरता येतं, पण निळं जेल स्वयंपाकाच्या तव्यावर भाजू नकोस, त्यात कोबाल्ट असतं. एसीतून बाहेर पडलीस की कॅमेरा अर्धा तास बॅगेतच राहू दे. आणि महिन्यातून एकदा तरी प्रत्येक लेन्स बाहेर काढून वापर. वापरातल्या लेन्सला बुरशी क्वचितच धरते.

रिंग जड झाली तर तेल सोडायचा मोह आवर. तेल कुठे थांबत नाही, काचेपर्यंत जातं. बुरशी असली तरी घरी खोलायची नाही, जुन्या दुरुस्तीवाल्याकडे ने. त्याला आधी विचार की फक्त काच साफ करणार की जुनं ग्रीस काढून नवं भरणार, दोन्हीचे दर वेगळे असतात. बुरशीने कोटिंग खाल्लं असेल तर साफ केल्यावरही जाळीची खूण राहते, तेही आधीच विचारून घे. साध्या ५० च्या दुरुस्तीला तिच्या किमतीएवढे पैसे सांगितले तर सोडून दे, दुसरी स्वच्छ ५० शोध. १०५ असेल तर पैसे दे.